येशूला देव कधीपासून म्हणू लागले? (३२५ च्या आधीचे लेखक)

उंबरठा (धागाकर्ता)

दर नाताळाला एक ढकलपत्र फिरतं: "येशू हा साधा उपदेशक होता. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनने नायसीयाला बिशपांचं मतदान घेऊन त्याला देव ठरवलं." मग एक गट टाळ्या वाजवतो, दुसरा भडकतो, आणि ३२५ च्या आधीच्या लोकांनी स्वतः काय लिहून ठेवलंय ते कुणीच उघडून बघत नाही.

प्रश्न एवढाच आहे. पहिल्या तीनशे वर्षांतल्या ख्रिस्ती लेखकांच्या लेखी येशू नेमका कोण होता? माणूस, मसीहा, देवदूत, देव, की आणखी काही? आपण मजकुराबद्दल बोलू, कुणाच्या श्रद्धेबद्दल नको. धर्मांतराच्या वादासाठी वेगळे धागे भरपूर आहेत, तिकडे जागा रिकामी आहे.

१. बोरूबहाद्दर

ढकलपत्राला एक पत्र पुरेसं आहे. बिथिनिया-पाँटसचा (आजच्या उत्तर तुर्कस्तानातला प्रांत) रोमन राज्यपाल धाकटा प्लिनी साधारण ११२ साली सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि 'ख्रिस्ताला, जणू देवाला' उद्देशून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. लिहिणारा ख्रिस्ती नाही, उलट त्यांना शिक्षा देणारा आहे. नायसीयाच्या २१३ वर्षं आधीची ही गोष्ट.

गंमत म्हणजे नायसीया याच बिथिनियात. प्लिनीच्या दुसऱ्या एका पत्रात ते गावही येतं. तिथल्या नाट्यगृहावर एक कोटीहून जास्त सेस्टर्स उधळले, तरी ते अर्धवट आहे, खचतंय आणि तडे गेलेत, अशी तक्रार. सार्वजनिक बांधकाम तेव्हाही तसंच.

२. तिरकी रेघ

प्लिनीच्या 'जणू'वर एवढी इमारत उभारू नका, ती त्या नाट्यगृहासारखी खचेल. तो बाहेरचा माणूस, त्याला दिसलं ते त्याने लिहिलं.

आतल्यांचं बघा. नव्या करारात, प्रेषितांची कृत्ये २:३६ मध्ये येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, तुम्ही क्रुसावर खिळलेल्या येशूला देवाने प्रभू व ख्रिस्त 'केलं'. केलं, म्हणजे आधी नव्हता. रोमकरांस पत्राच्या सुरुवातीला (१:३-४) तो देहाने दावीदाचा वंशज आणि पुनरुत्थानाने देवाचा पुत्र 'ठरवला गेलेला'. मार्कच्या शुभवर्तमानात ही घोषणा बाप्तिस्म्याच्या वेळी होते, मत्तय-लूकमध्ये जन्मापासून, योहानात सृष्टीच्याही आधीपासून. पुनरुत्थान, बाप्तिस्मा, जन्म, आरंभ. दर पिढीला एक पायरी वर. मतदान नसेल झालं, पण बढती झालीच.

३. पोथीवाला

शिडी देखणी आहे, पण पायऱ्यांवर साल टाकलं की मोडते. मार्कचं शुभवर्तमान साधारण ७० चं, योहानाचं ९०-१०० चं. प्रेषित पौलाची पत्रं (रोमकरांस हे त्यांतलंच) त्या सगळ्यांच्या आधीची, ५० च्या दशकातली. आणि त्यांतच सगळ्यात उंच विधानं आहेत.

फिलिप्पैकरांस २:६-११ काढा. तो देवाच्या स्वरूपात होता, देवाशी असलेल्या बरोबरीला चिकटून राहिला नाही, स्वतःला रितं केलं, दासाचं रूप घेतलं, मरण पत्करलं, म्हणून देवाने त्याला सर्व नावांहून थोर नाव दिलं आणि प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकेल. शेवटचा भाग यशया ४५:२३ मधून उचललेला आहे. तिथे 'माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल' असं परमेश्वर स्वतःबद्दल बोलतो, आणि त्याच अध्यायात 'माझ्यावाचून दुसरा देव नाही' असंही बजावतो. पौलाने मुद्दाम हीच ओळ निवडली. हे मूळचं गीत पौलाच्याही आधीचं असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

दुसरं, १ करिंथकर ८:६. ज्यू माणूस रोज म्हणतो, 'हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव एकच परमेश्वर आहे'. ग्रीक बायबलात (हिब्रू जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात) या ओळीत दोन शब्द आहेत, 'देव' (थेओस) आणि 'प्रभू' (क्युरिओस). पौल ती ओळ उघडतो आणि 'एकच देव' पित्याला व 'एकच प्रभू' येशूला वाटून देतो. बाहेरून दुसरा देव आणून बसवलेला नाही, एकाच कबुलीच्या आत जागा केली आहे.

आणि ग्रीक बोलणाऱ्यांनी हे नंतर घुसडलं म्हणाल, तर त्याच पत्राच्या शेवटी 'माराना था' आहे, 'आमच्या प्रभू, ये'. ते अरामी भाषेत आहे. ग्रीक करिंथमध्ये अरामी हाक तशीच ठेवली, म्हणजे ती पॅलेस्टाइनहूनच आलेली.

४. वाचनमात्र

मग त्याच पौलाने रोमकरांत 'ठरवला गेला' कसं लिहिलं? विसंगती दिसली नाही?

५. पोथीवाला

@वाचनमात्र, 'स्वरूप', 'तत्त्व', 'व्यक्ती' ही आपली मापं नंतरची. पौलापुढे होती ती स्तोत्रं. नव्या करारात जुन्या करारातली सगळ्यात जास्त वापरली गेलेली ओळ म्हणजे स्तोत्र ११०:१, 'परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणाला, माझ्या उजवीकडे बस'. त्या ओळीत तो आधीपासून प्रभू आहे आणि बसवलाही जातोय. दोन्ही एकदम.

आणखी एक घोळ आपण 'मसीहा' शब्दाचा घालतो. हिब्रूत माशिआह म्हणजे अभिषिक्त, तेल ओतलेला. राजा, याजक, कुणीही. यशया ४५:१ मध्ये तर इराणचा कोरेश परमेश्वराचा अभिषिक्त आहे. कुमरानच्या गुंडाळ्यांत (मृत समुद्राजवळ सापडलेल्या जुन्या ज्यू पोथ्यांत) एकाच वेळी दोन अभिषिक्तांची वाट पाहिली जाते, एक अहरोनाच्या घराण्यातला, एक इस्राएलचा. तिथल्याच एका गुंडाळीत मलकीसदेक (उत्पत्तीतला याजक-राजा) स्वर्गातून येऊन न्याय करतो आणि स्तोत्र ८२ मधला 'देव' हा शब्द त्याला लावलेला आहे. तेव्हा 'ज्यू म्हणजे कडक एकेश्वरवादी, तिथे असं सुचणंच अशक्य' हे खरं नाही. फिलो तर लोगोसला, म्हणजे देवाच्या 'शब्दा'ला, सरळ 'दुसरा देव' म्हणून मोकळा झाला, आणि तो आलेक्झांड्रियाचा प्रतिष्ठित ज्यू.

६. अडगुलं_मडगुलं

एवढं कशाला ताणायचं? अवतार म्हणा आणि सोडा. आपल्याकडे दहा आहेत, त्यांच्याकडे एक.

७. वसईचा_वारा

मराठी ख्रिस्ती लिखाणात 'अवतार'ऐवजी बहुधा 'देहधारण' वापरतात, त्याला कारण आहे. योहान १:१४ मराठीत 'शब्द देही झाला' असं आहे. ग्रीकमध्ये तिथे 'सार्क्स' आहे, म्हणजे मांस, हाडामांसाचा गोळा. 'रूप घेतलं' नाही, 'मांस झाला'.

कारण 'रूप घेतलं' म्हणणारे तेव्हाही होतेच. ख्रिस्त फक्त दिसायला माणूस, भूक-वेदना सगळा आभास, असं मानणाऱ्यांना डोसेटिस्ट म्हणतात, ग्रीक 'डोकेइन' म्हणजे भासणे. त्यांच्याविरुद्ध अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, रोमला मरायला नेत असताना, वाटेतून पत्रं लिहितो. ट्रालेसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात एकच शब्द पुन्हा पुन्हा आपटतो, 'खरोखर'. खरोखर जन्मला, खरोखर खाल्लं-प्यालं, पंतय पिलाताच्या काळात खरोखर छळ झाला, खरोखर क्रुसावर मेला. आणि हाच इग्नेशियस बिनदिक्कत 'आपला देव येशू ख्रिस्त' असंही लिहितो. तेव्हा पहिला मोठा झगडा येशू देव आहे का यावर जेवढा झाला, तेवढाच तो माणूस आहे का यावर झाला. ढकलपत्रवाल्यांच्या हे गावीही नसतं.

८. तिरकी रेघ

इग्नेशियस मान्य. पण तुम्ही सगळे जिंकलेल्यांच्याच वह्या वाचताय. एबियोनाइट हे ज्यू-ख्रिस्ती पंथाचे लोक फक्त मत्तयचं शुभवर्तमान वापरत, नियमशास्त्र पाळत, पौलाला धर्मत्यागी म्हणत आणि येशूला योसेफाचाच मुलगा मानत. केरिंथस नावाच्या एका जुन्या गुरूच्या मते ख्रिस्त बाप्तिस्म्याला कबुतरासारखा उतरला आणि क्रुसाआधी उडून गेला. दोन्ही माहिती दुसऱ्या शतकातला बिशप इरेनेयस याच्या लिखाणातून येते, म्हणजे विरोधकाच्या तोंडून. रोममध्ये १९० च्या सुमाराला चामड्याचं काम करणारा थिओडोटस म्हणत होता की येशू कुमारीपोटी जन्मलेला, पण माणूसच. बिशप व्हिक्टरने त्याला मंडळीबाहेर काढलं.

आणि खुद्द जस्टिन हा ख्रिस्ती लेखक, १६० च्या आसपास लिहिलेल्या 'ट्रायफोशी संवादा'त ज्यू ट्रायफोशी वाद घालताना (प्रकरण ४८) कबूल करतो की आपल्यातलेच काही जण येशूला ख्रिस्त मानतात पण माणसांपासून जन्मलेला माणूस समजतात. 'मी सहमत नाही' एवढंच म्हणतो, शिव्या देत नाही.

९. बोरूबहाद्दर

जस्टिन काढलाच आहे तर त्याची पद्धत बघा, कारण पुढची दीडशे वर्षं सगळे तीच वापरतात.

ग्रीक बायबल समोर ठेवायचं आणि जिथे देव 'दिसतो' तिथे थांबायचं. उत्पत्ती १८ मध्ये मम्रेच्या ओकांपाशी अब्राहामाकडे तिघे पाहुणे येतात, त्यांतला एक 'प्रभू'. पुढे १९:२४ मध्ये सदोमावर 'प्रभूने, प्रभूपासून, आकाशातून' गंधक व अग्नी पाडला. एकाच वाक्यात दोन प्रभू! जस्टिन म्हणतो, खाली उतरलेला तो पुत्र, वर राहिला तो पिता, कारण विश्वाचा बाप सगळं सोडून एका कोपऱ्यात दिसेल कसा? मग जळतं झुडूप, याकोबाशी कुस्ती, यहोशवाला भेटलेला सेनापती, सगळीकडे हाच. त्याला तो पुत्र, ज्ञान, देवदूत, देव, प्रभू, शब्द, सेनापती अशी नावांची माळच घालतो. 'देवदूत' शब्दाने दचकू नका. ग्रीक यशया ९:६ मध्ये जन्मणाऱ्या बाळाला 'महान मसलतीचा दूत' म्हटलंय, तिथून तो येतो.

ही पद्धत कुठे अडकते? पहिलं, भाषांतरात. यशया ७:१४ ला हिब्रूत 'अल्मा' म्हणजे तरुण मुलगी आणि ग्रीकमध्ये 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी. ट्रायफो नेमका हाच खिळा उपटतो, आणि वर कुमारी डॅनाईच्या पोटी जन्मलेल्या पर्सियसची ग्रीक कथा तोंडावर मारतो. दुसरं, दोन प्रभू सिद्ध केले की दोन देव झाले ना? जस्टिन लिहितो, 'संख्येने दुसरा, इच्छेने नाही'. नायसीयात हे वाक्य चाललं नसतं.

१०. कडबोळं

संख्येचं निघालंच आहे तर: नायसीयाला बिशप किती? परंपरा म्हणते ३१८. उत्पत्ती १४:१४ मध्ये अब्राहामाचे घरचे चाकरही ३१८. आणि दुसऱ्या शतकातलं बर्नबाच्या नावावरचं पत्र हिशेब मांडतं, ग्रीक अंकांत १८ म्हणजे योटा-एटा, येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं, आणि ३०० म्हणजे टाऊ, जो क्रुसासारखा दिसतो. म्हणजे अब्राहामाच्या हजेरीपटातच येशू आणि क्रूस! उपस्थित असलेला कैसरियाचा युसेबियस मात्र अडीचशेहून जास्त एवढंच म्हणतो.

११. बोरूबहाद्दर

प्रवास सरकारी टपालगाड्यांतून, राहणं-खाणं सम्राटाकडे. ३१८ कशाला, हजार गेले असते.

१२. मात्रावेलांटी

इथपर्यंत सगळे ओळी उद्धृत करताहेत, पण ती ओळ हस्तलिखितात तशीच आहे का हे आधी बघायला हवं. निम्मे वाद इथेच फसतात.

ख्रिस्ती लेखनिक काही शब्द पूर्ण लिहीत नसत. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे चार तर जवळपास नेहमीच पहिलं-शेवटचं अक्षर आणि वर आडवी रेघ असे. आपल्याकडे 'श्री' लिहितात तसा मान. (ही सवय सुद्धा पुरावाच आहे: येशूचं नाव देवाच्या नावाच्या पंक्तीला बसवलंय.) आता १ तीमथ्य ३:१६ घ्या. 'देव देहात प्रकट झाला' की 'जो देहात प्रकट झाला'? 'जो' म्हणजे ओमिक्रॉन-सिग्मा. 'देव'चं लघुरूप थीटा-सिग्मा. फरक काय, तर ओमिक्रॉनच्या पोटात एक आडवी काडी आणि डोक्यावर एक रेघ. सिनायटिकस या चौथ्या शतकातल्या पोथीत मूळ लेखकाने 'जो' लिहिलंय आणि पुष्कळ नंतरच्या हाताने वर 'देव'ची अक्षरं चढवली आहेत.

उलट दिशेचं उदाहरण तिरकी रेघ यांना आवडेल. लूक ३:२२, बाप्तिस्मा. बहुतेक पोथ्यांत 'तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे'. बेझा या जुन्या ग्रीक-लॅटिन पोथीत आणि जुन्या लॅटिन भाषांतरांत 'तू माझा पुत्र, आज मी तुला जन्म दिला', म्हणजे स्तोत्र २:७ जसंच्या तसं. जस्टिनही हेच देतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ग्रीक संपादित आवृत्तीच्या तळटिपेत पाठभेद आहे का बघा. असेल तर कुठल्या पोथ्या, किती जुन्या, आणि तिसऱ्या शतकापर्यंतच्या कुणी ती ओळ कशी दिली ते बघा. मग जुन्या करारातला उतारा असेल तर हिब्रू नव्हे, ग्रीक भाषांतर उघडा, कारण लेखकापुढे बहुधा तेच होतं. विरामचिन्हांवर तर विसंबूच नका. रोमकर ९:५ मध्ये पूर्णविराम कुठे द्यायचा यावर पौल ख्रिस्ताला देव म्हणतो की नाही हे ठरतं, आणि जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागासुद्धा नाही. १ योहान ५:७ मधले स्वर्गातले तीन साक्षी तर लॅटिनमधून आलेले. इरास्मस या विद्वानाने छापलेल्या नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते नाहीत, १५२२ ला ते घालावे लागले. त्रैक्याचा (पिता, पुत्र, आत्मा मिळून एकच देव) पुरावा म्हणून ती ओळ कुणी फेकली तर लगेच हात वर करा.

१३. तिरकी रेघ

@मात्रावेलांटी, आवडलं. 'आज मी तुला जन्म दिला' खरं मूळ असेल तर माझी शिडी जिवंत आहे.

१४. मात्रावेलांटी

मूळ असेल तरी जन्माची कथा त्याच लूकने दोन प्रकरणं आधी लिहिली आहे, हे शिडीला अवघड जातं.

१५. पोथीवाला

आता तिसरं शतक, जिथे खरी गाठ बसते. एकच देव, आणि येशूही देव. दोन्ही धरायचं कसं? सोपा उपाय: पिता हाच पुत्र, एकाच नटाचे दोन वेश. स्मर्नाचा नोएटस, नंतर साबेलियस यांनी तेच सांगितलं. लोकांना पटायचंही, कारण एकच देव शाबूत राहतो. पण मग अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थना कुणी कुणाला केली? लॅटिन लेखक टर्टुलियन २१३ च्या सुमाराला हेच मत मांडणाऱ्या प्राक्सियसवर तुटून पडतो: याने रोममध्ये सैतानाची दोन कामं केली, आत्म्याला हाकललं आणि पित्याला क्रुसावर चढवलं. लॅटिनमधला 'त्रिनितास' शब्द, एक तत्त्व व तीन व्यक्ती ही मांडणी त्याचीच.

मजा उपमांत आहे. जस्टिन म्हणे, मशालीवरून मशाल पेटते, पहिली कमी होत नाही. सूर्य आणि किरण ही उपमा त्याने मुद्दाम नाकारली, कारण सूर्य मावळला की किरणही जातो, वेगळेपण राहत नाही. टर्टुलियन नेमकी तीच उचलतो, सूर्य-किरण, झरा-नदी, मूळ-रोप, कारण त्याला तुटलेपण नको आहे. पण झऱ्यातून नदी म्हणजे भाग आला, आणि तो लिहूनही बसतो की पिता संपूर्ण तत्त्व, पुत्र त्याचा अंश. प्रत्येक उपमा एक भोक बुजवते आणि दुसरं पाडते.

आलेक्झांड्रियाचा विद्वान ओरिजेन सगळ्यात तल्लख. योहान १:१ मध्ये पित्यासाठी आलेल्या 'थेओस'आधी ग्रीक उपपद आहे, लोगोससाठी (पुत्रासाठी) आलेल्या 'थेओस'आधी नाही. त्यावरून तो म्हणतो, पिता स्वयंदेव, पुत्र त्याच्या सहभागाने देव. पण हाच ओरिजेन सांगतो की पुत्राचा जन्म अनादी आहे, पिता कधी पुत्राविना नव्हताच. माणूस येशूचं काय? लोखंड भट्टीत ठेवलं की त्याच्या रंध्रारंध्रांत आग भरते, हात लावाल तर आगच लागेल, तसा येशूचा आत्मा लोगोसमध्ये. पुढे ३२५ च्या वादातले दोन्ही पक्ष याच एका माणसाचे वारस निघाले.

१६. उंबरठा

बापरे. मग ३२५ ला नेमकं ठरलं काय?

१७. बोरूबहाद्दर

आलेक्झांड्रियाचा पाळक एरियस. तोही येशूला देव म्हणायचा, त्याची पूजा करायचा, सृष्टी त्याच्याद्वारे झाली असं मानायचा. त्याचं म्हणणं, 'तो नव्हता असं एकदा होतं'. 'काळ' हा शब्द त्याने शिताफीने टाळला, कारण काळ पुत्रानेच निर्मिला ना! आधार नीतिसूत्रे ८:२२. तिथे ज्ञान बोलतं, 'प्रभूने मला निर्मिलं'. हिब्रू क्रियापदाचा अर्थ 'मिळवलं' असाही होतो, पण ग्रीकमध्ये सरळ 'निर्मिलं'. आणि ज्ञान म्हणजे पुत्र, हे दोन्ही बाजूंना जस्टिनच्या काळापासून मान्य. म्हणून एरियसला उत्तर देणं एवढं जड गेलं.

नायसीयाने श्रद्धासूत्रात घातलं 'जन्मलेला, निर्मिलेला नव्हे' आणि 'होमोऊसिओस', पित्याशी एकतत्त्व. पंचाईत अशी की हा शब्द बायबलात नाही, आणि २६८ ला अंत्युखियात सामोसाटाच्या पौलाला पदच्युत करताना नाकारला गेलेला. सम्राटाचा हात अगदीच नव्हता असंही नाही. तो शब्द कॉन्स्टन्टाइनने स्वतः सुचवला असं कैसरियाचा युसेबियस आपल्या मंडळीला कळवतो. सही नाकारून एरियसबरोबर हद्दपार झाले ते लिबियाचे दोन बिशप, सेकुंडस आणि थिओनास. आणि तोच कॉन्स्टन्टाइन ३३७ ला मरताना बाप्तिस्मा घेतो निकोमेडियाच्या युसेबियसकडून, जो एरियसचा जुना पाठीराखा. एकतत्त्ववाला अथानासियस, आलेक्झांड्रियाचा बिशप, पाच वेळा हद्दपार. मतदानाने मिटलं असतं तर एवढं घडलं नसतं.

१८. तिरकी रेघ

एरियसचा दुसरा हुकमी पत्ता राहिला, मार्क १३:३२. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. मत्तय २४:३६ मध्ये काही पोथ्यांतून 'पुत्रालाही नाही' हे शब्दच गायब आहेत. का, ते सांगायला नको.

१९. वसईचा_वारा

अथानासियसचं उत्तर: माणूस म्हणून ठाऊक नव्हतं, देवाचा शब्द म्हणून होतं. एकाच माणसाला ही दोन खाती कशी, यावर पुढचं भांडण. ४३१ ला इफिसच्या सभेत कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस पदच्युत झाला, कारण मरियेला 'देवमाता'पेक्षा 'ख्रिस्तमाता' म्हणावं असा त्याचा आग्रह. ४५१ ला खाल्सेदोनच्या सभेने ख्रिस्तातल्या देव व माणूस या दोन बाजूंबद्दल चार नकार दिले: मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही.

यात आपल्याकडचा एक धागा आहे. इफिसचा निर्णय न मानणारी इराणची मंडळी पूर्वेकडे पसरली. सहाव्या शतकातला प्रवासी कॉसमस लिहितो की 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप असतो. हे आपलं कल्याण असावं असं बरेच जण मानतात.

२०. अडगुलं_मडगुलं

कल्याणला बिशप! लोकलमध्ये आता हाच विषय.

२१. उंबरठा

सगळ्यांचे आभार. पुढच्या नाताळाला त्या ढकलपत्राखाली चिकटवायला कुणी दोन ओळींत लिहून देईल का?

२२. पोथीवाला

दोन ओळींत बसलं असतं तर ३२५ नंतर ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची सभा भरवावी लागली नसती. ५६ वर्षं गेली.

२३. मात्रावेलांटी

५६ नाही, १२६. वसईचा_वारा यांनी आत्ताच ४५१ सांगितलं. आणि लिहाल तेव्हा 'होमोऊसिओस'च लिहा, 'होमोइऊसिओस' नको. मध्ये एक योटा घुसला की अर्थ 'सारख्या तत्त्वाचा' होतो, आणि त्या बाजूचे बिशपही ३५० च्या दशकात काही कमी नव्हते.